घड्याळजीने दाणा उघडला

या, असे पुढे सरका, मंडळी! रागाची गोष्ट दारात उभं राहून ऐकायची नसते. ही आहे एका घड्याळजीची. माणूस लोण्याच्या काळजाचा, पण नाकावर राग असा की माशीसुद्धा परवानगी काढून बसायची!

त्याची लेक भिंगरी. तिला शनिवारी शाळेच्या प्रदर्शनात घेवड्याचा रुजवलेला दाणा न्यायचा होता. बापाने लगेच मुलांसोबत करायच्या प्रयोगांचं पुस्तक आणलं. "बंद पडलेली घड्याळं चालू करतो मी! दाणा काय चीज आहे? दोघं मिळून शिकू!"

काचेची बरणी, ओला कापूस, त्यावर दाणा. दुसऱ्या सकाळी घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने दाणा उचलला आणि साल सोलली.

"बाबा, काय करताय?"

"आत कुठे अडकलंय ते बघतोय!"

दाणा मेला. दुसऱ्याला इवलं मूळ फुटलं, तर ते हळू चालतंय म्हणून त्याने ओढून दिलं. तुटलं! असे एकामागून एक दाणे गेले. मग तो थेट वर बसलेल्या देवावरच भडकला. "देवा, एवढं नाजूक यंत्र केलंस, मागे एक झाकण ठेवायला काय झालं होतं?"

"देवावर कसले ओरडता?" भिंगरीची आई स्वयंपाकघरातून कडाडली. "घेवड्याचा डबा रिकामा केलात! आता भाजी काय भिंगाची करू?"

शुक्रवारी बरणी रिकामीच. भिंगरीचा हात धरून घड्याळजी तणतणत पुस्तकवाल्याकडे गेला.

"हे पुस्तक खोटं आहे! परत घ्या!"

"खोटं काय त्यात?"

"लिहिलंय, रोज निरीक्षण करा. मी सकाळ-संध्याकाळ करतोय, तरी दाणे मरतात!"

"अहो, पण करता कसं निरीक्षण?"

"कसं म्हणजे? असं!" समोर पुस्तकवाल्याने हौसेने वाढवलेलं घेवड्याचं रोप होतं, चांगलं वीतभर. घड्याळजीने खिशातून चिमटा काढला, रोप मुळासकट उपसलं आणि उजेडात धरलं. "हे बघा, आता नीट दिसतंय!"

"माझं रोप!" पुस्तकवाला असा किंचाळला की गिऱ्हाइकांच्या हातची पुस्तकं पडली. "निघा! आधी बाहेर व्हा!"

रस्त्यात मात्र भिंगरी थांबली. कमरेवर हात. डोळे लाल.

"बाबा, आता मी रागावणार! तुम्ही ऐकणार!"

घड्याळजीने चिमटा खिशात टाकला.

"पहिला दाणा मेला ना, तेव्हाच मी एक वेगळा लावला. आईच्या साड्यांच्या कपाटात. तुमच्यापासून लपवून!"

घरी येऊन तिने कपाट उघडलं. साड्यांच्या आडोशाला, बरणीत, मान वाकडी करून पिवळसर कोंब उभा होता. घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हात? हात गेला खिशाकडे.

"बाबा!"

हात पाठीमागे.

शनिवारी बाईंनी विचारलं, "वा, भिंगरी! वडिलांनी काय मदत केली?"

"ते लांब उभे राहिले," भिंगरी मान ताठ करून म्हणाली. "त्यांना फार जड गेलं, पण उभे राहिले!"

मागे भिंतीला टेकून घड्याळजी रडू आल्याच्या रागाने लालबुंद झाला होता आणि नाक पुसत होता.

तर मायबापहो, तुमच्या घरी काही रुजत असेल आणि तुमची बोटं वळवळत असतील, तर एवढं करा. त्या लांब उभ्या राहिलेल्या बापाची आठवण काढा.