इंदू सिस्टरांचं नेलकटर

आमच्या बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात इंदू सिस्टरांच्या घरी जायचं तर चपला बाहेर काढून भागत नाही, दोन्ही हातही पुढे करावे लागतात. नखं बघितल्याशिवाय त्या कोणाला उंबरा ओलांडू देत नाहीत. ‘‘पहले हाथ, फिर बात,’’ हे त्यांचं ब्रीद. मावा जिलेबीवाला तर त्यांना लांबून बघितलं, की पोलीस आल्यासारखे दोन्ही हात वर करतो. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाचा हात धरला आणि पर्समधून नेलकटर काढलं. जावई अजूनही आमच्याकडे आला, की आधी त्यांचं दार बंद आहे ना, ते बघतो.

सरकारी दवाखान्यात जन्मभर बाळंतपणं केलेली ही बाई. स्वतःचा संसार मात्र केला नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, ‘‘अर्धं बुऱ्हाणपूर माझंच आहे ना!’’ आणि भाजीबाजारात एखाद्या मिशाळ माणसाला चारचौघांत ऐकवतात, ‘‘काय रे, पायाळू होता ना तू? लई दमवलं मला!’’

रिटायर झाल्यावर त्यांना भोपाळच्या एका बोर्डावर घेतलं. राज्यातल्या नर्स आणि दायांची नोंदणी हे बोर्ड सांभाळतं. एखादीविरुद्ध तक्रार आली तर तिचं नाव नोंदणीत ठेवायचं की काढायचं, तेही तेच ठरवतं. नाव निघालं की नोकरी गेली. तिथंही पहिल्याच बैठकीत सिस्टरांनी सगळ्यांची नखं तपासली म्हणे. शिवाय एक नियम त्यांनी फार लावून धरला. जिच्यावर तक्रार, तिच्याशी नातं असेल त्या सभासदानं उठून बाहेर जायचं. एका डॉक्टरसाहेबांना तर त्यांनी साडूच्या पुतणीपायी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले, म्हणून सोबतीला मी, शेजारचा शाळामास्तर, भोपाळला निघालो. गाडीत त्यांनी नाव न सांगता त्या दिवशीचं प्रकरण सांगितलं. खकनारकडच्या एका खेड्यातली नर्स उपकेंद्राला कुलूप लावून पाड्यावर अडलेल्या बाईकडे गेली. तेवढ्यात तापलेल्या म्हातारीला घेऊन तिचे घरचे आले आणि कुलूप बघून भडकले. म्हातारी पुढे बरी झाली, तक्रार मात्र राहिली.

‘‘दोघं म्हणतात नाव काढा, दोघं म्हणतात समज द्या. आता माझ्यावर आलंय. मी नाही काढू देणार, मास्तर. बाई अडलेली असताना कुलपापाशी बसून राहायचं का पोरीनं?’’

चांदनी स्टेशन आलं तशा त्या खिडकीला चिकटल्या. पुढची गोष्ट मला पाठ आहे. तरुणपणी त्या याच गाडीनं येत असताना इथल्या फलाटावर एक बाई कळांनी तळमळताना दिसली. सिस्टर सामान गाडीतच टाकून उतरल्या आणि स्टेशनमास्तरच्या खोलीत तिला मोकळं केलं. ‘‘गाडी गेली, पण पोरगी आली!’’ असं म्हणून त्या दर वेळी हसतात. त्या मायलेकी त्यांना परत कधी भेटल्या नाहीत. तरी चांदनी आलं की त्या फलाटभर बघत राहतात, आणि मला उगाच भरून येतं.

बैठक सुरू झाली, मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं दार उघडून सिस्टर एकट्याच आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

‘‘मी पोरीला विचारलं, पाड्यावर कशाला गेली? तर म्हणते, माझ्या आईसाठी एक सिस्टर चांदनीला गाडी सोडून उतरली होती. मग मी कुलूप लावून कशी नाही जाणार?’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! उठले. म्हटलं, ही माझी आहे, मला बसता येणार नाही. अध्यक्ष म्हणतात, मॅडम, ये रिश्ता नियम में नहीं आता. मी म्हटलं, तुमच्यात नसेल येत, माझ्यात येतो.’’

मी कपाळावर हात मारला. ‘‘अहो, गप्प बसला असता तर पोरगी वाचली असती!’’

‘‘आन् त्या साडूवाल्याला काय तोंड दाखवलं असतं?’’ त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं एक किडकिडीत मुलगी बाहेर आली.

‘‘समज देऊन सोडलं,’’ ती सिस्टरांना म्हणाली. ‘‘नाव राहिलं माझं. ते डॉक्टरसाहेब आधी काढा म्हणत होते. मग म्हणाले, साडूच्या पुतणीपायी बाईंनी मला बाहेर काढलं, तेव्हा लई राग आला होता. आज त्या स्वतः उठल्या. जिच्यासाठी उठल्या, तिचं नाव मी नाही काढणार.’’

ती पाया पडायला वाकली. सिस्टरांनी तिला मध्येच धरलं. ‘‘पहले हाथ.’’

तिनं गोंधळून दोन्ही हात पुढे केले. काळजीनं कुरतडून कुरतडून बोटांवर नखं अशी उरलीच नव्हती. मला दिसत होतं, तर सिस्टरांना दिसत नसेल होय?

‘‘किती वाढवलीस गं!’’ म्हणत त्यांनी नेलकटर काढलं, तिला शेजारी बसवलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. नेलकटर त्यांनी उघडलंच नाही. हात मात्र, गाडीची वेळ झाली असं मी सांगितलं तरी, सोडला नाही.