काकांना दाखवायच्या पेशी

"सगळ्या मेल्यात," सूक्ष्मदर्शकातून डोळे वर काढत दादा म्हणाला. "एक म्हणून जिवंत नाही. काय घातलंस तू?"

अकरावीतली खारूताई हातात बाटली धरून उभी होती. सारखी इकडून तिकडे पळायची, म्हणून प्रयोगशाळेने तिला हे नाव दिलं होतं. आज पाहुणे येणार म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन कॅन्सरच्या पेशींना ताजं खाद्य द्यायला बसली. त्याआधी पेशी हलक्या हाताने धुवायच्या असतात. धुवायचं पाणी आणि ओटा पुसायचं जंतुनाशक, दोन्ही सारख्याच बाटल्यांत, शेजारी शेजारी. पुढचं सांगायला नको.

"ओटा पुसायचं," ती पुटपुटली.

"अगं, पेशींची एखादी बशी तरी सोडायचीस!"

"मला वाटलं, सगळ्याच स्वच्छ दिसाव्यात."

पीएचडीच्या चौथ्या वर्षात अडकलेल्या दादाने कपाळाला हात लावला.

पाहुणे म्हणजे चष्मेवाले काका. बायको कॅन्सरने गेली, तसं त्यांनी चष्म्यांचं दुकान विकलं आणि त्या पैशांतून दर वर्षी इस्पितळामागच्या या प्रयोगशाळेला मदत द्यायला सुरुवात केली. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी सुट्टीत इथे यावं, संशोधन कसं चालतं ते स्वतः करून बघावं, एवढ्यासाठी. काकूंच्या नावाचा फलक नको, हार नको, भाषण तर नकोच. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "ज्यानं तिला नेलं, तो दिसतो तरी कसा, ते एकदा दाखवा मला."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या, त्यांनी ऐकलं, आणि पर्ससकट स्टुलावर बसल्या.

"गोठवलेल्या आहेत ना आपल्याकडे?"

"आहेत. पण वाढायला आठवडा जाईल."

"मग काकांना फोन करून सांगू, पुढच्या आठवड्यात या म्हणून."

तेवढ्यात खालून रखवालदाराचाच फोन आला. पाहुणे आलेत, लिफ्ट नको म्हणाले, जिन्याने चढतायत.

"वरच्या मजल्यावरून पेशी आण. पळ!" मॅडम दादाला म्हणाल्या.

"मॅडम, वरचे लोक बटाट्याच्या रोगावर काम करतात."

"बटाट्यालाही पेशी असतातच ना!"

मॅडम एरवी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पण म्हाताऱ्या माणसाला नुसतं परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. काकांनी मदत थांबवली तर पुढच्या सुट्टीतल्या मुलांचाही प्रश्न होताच. दादा धावत वर गेला आणि बटाट्याच्या पेशींची बशी घेऊन आला.

काका आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे. दम खात बसले. सवयीने खिशातला रुमाल काढून आधी सूक्ष्मदर्शकाची काच पुसली आणि मग डोळा लावला. 

"इतका देखणा?" ते म्हणाले. "मोती मांडल्यासारखा दिसतोय."

 काकांचा आवाज खाली गेला. ते आता त्या बशीशीच बोलत होते.

"का रे, तिनं काय घोडं मारलं होतं तुझं? भाजीवाल्याशीसुद्धा कधी वाद घातला नाही तिनं. शेवटी शेवटी पाण्याचा घोट गिळू दिला नाहीस. लाज कशी वाटली नाही तुला?"

दादा छताकडे बघू लागला. मॅडम नळ सोडून उगाचच हात धुऊ लागल्या.

"काका," खारूताई म्हणाली, "त्याला नका बोलू."

"का नको? बोलू दे की मला."

"तो बटाटा आहे."

नळ बंद झाला.

काकांनी मान वर केली. "मग कॅन्सर कुठाय?"

"मेला." तिचा बांध फुटला. "माझ्या हातून. चुकून. सगळा."

"सगळा?"

"ओटा पुसायचं जंतुनाशक पडलं त्यावर. एक पेशी उरली नाही."

"चूक हिची नाही," मॅडम पुढे झाल्या. "बटाटा दाखवायचं माझ्या डोक्यात आलं. काका, तुम्ही मदत बंद केलीत तरी मी..."

काकांनी हातानेच त्यांना थांबवलं. "मेलेला दाखव," ते खारूताईला म्हणाले.

तिने बशी ठेवली. आक्रसलेला, चुरगळलेला कचरा तरंगत होता. काका बघत राहिले.

"हेच औषध माणसाला का देत नाहीत मग?"

"त्यानं माणूसही मरेल, काका. नुसतं मारणं सोपं असतं. माणूस वाचवून मारता आलं पाहिजे. तेच तर शिकतोय आम्ही इथे."

"हं," काका म्हणाले. "तिच्या वेळी तेच जमलं नाही."

ते उठून खिडकीपाशी गेले. समोर इस्पितळाची मुख्य इमारत होती.

"तिथे बाकावर बसायचो मी. डॉक्टर बाहेर आले, की दर वेळी वाटायचं, आज तरी हे म्हणतील. कुणी म्हणालं नाही गं."

"काय म्हणतील?"

"तू आत्ता म्हणालीस ते. परत सांग बघू."

"मेला, काका. सगळा."

"जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

त्यांना उत्तम ऐकू येत होतं. खारूताईने बाहीने नाक पुसलं, ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि समोरच्या इमारतीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात तिने त्यांना पुन्हा सांगितलं.