महाराजांचा ताप कुठे मोजावा?

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. जंगल म्हटलं की वाघ आलाच, त्यात नवल ते काय, असं म्हणून तोंड वाकडं करू नका. ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा. आणि मागे खुसखुसतंय कोण? हसायची जागा आली की मी सांगेन.

तर या वाघाच्या, म्हणजे महाराजांच्या, पंज्यात एकदा काटा गेला. पंजा टम्म सुजला. वैद्यराज आले. वैद्यराज जातीने गिधाड होते, त्यामुळे ते प्रत्येक रोग्याकडे फार आशेने बघत.

"काटा काढतो," वैद्यराज म्हणाले, "पण पाय कुणीतरी धरून ठेवायला हवा."

एका भल्या रानडुकराने पाय धरला. काटा निघाला. महाराजांना बरं वाटलं. बरं वाटल्यावर भूक लागली. आणि रानडुक्कर तर समोरच होतं.

पुढे महाराजांचा कान फुटला, तेव्हा कान धरायला कुणी येईना. बोलावलं की ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. महाराज दिवसभर डोकं झटकत गुरगुरत बसले. शेवटी वैतागून त्यांनी फर्मान काढलं. जंगलात पशुवैद्यक सहायकांचं विद्यालय निघेल. तिथे शिकणाऱ्याच्या गळ्यात हिरवा पट्टा असेल. आणि हिरव्या पट्ट्याला महाराज खाणार नाहीत.

झालं! जंगलात सेवाभावाला नुसतं उधाण आलं. काल ज्यांना आजारी माणसाचं, चुकलो, आजारी जनावराचं तोंड बघवत नव्हतं, ते आज छातीवर खूर ठेवून सांगू लागले, "लहानपणापासून मला मुक्या प्राण्यांची सेवा करायची होती हो!" चितळं आली, ससे आले, सांबरं आली. प्रवेशाच्या दिवशी इतकी गर्दी झाली, की एक साळिंदर रांगेत मध्येच घुसलं तरी कुणी त्याला ढकलायला धजलं नाही.

त्या रांगेत शेवंती होती. शेवंती म्हणजे एक भेकर. हरणाहून लहान, सशाहून मोठं, आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकणारं. शेवंती तर पान पडलं तरी भुंकायची. तिचे दोन्ही भाऊ पाणवठ्यावर गेले होते आणि महाराजांच्या पोटात पोचले होते. तिला सेवाबिवा काही करायची नव्हती. तिला जगायचं होतं. तेवढ्यासाठी पट्टा हवा होता. तिने तो गळ्यात घातला आणि ती आनंदाने भुंकली.

विद्यालयाचे प्राचार्य होते चघळे सर. चघळे सर तरस होते. त्यांची पात्रता काय, असं विचारू नका. ते महाराजांचं उष्टं खात आले होते, हीच पात्रता. जागा कायम होती. एकदा कायम झाल्यावर सर जे निवांत झाले ते झालेच. मोहाच्या झाडाखाली वर्ग भरायचा. सर एका सपाट दगडावर पाय पसरून बसायचे, "लिहून घ्या" म्हणायचे, आणि तिसऱ्या वाक्याला घोरायला लागायचे.

पण अभ्यासक्रम भारदस्त होता हं. शरीररचना होती. जखम धुणं होतं, पट्टी बांधणं होतं, अवजारं उकळणं होतं. जंतांचं औषध पाजणं होतं. शेण तपासणं होतं, आणि त्या विषयात सगळे आपापलं घेऊन यायचे. रोग्याची विचारपूस कशी करावी, यावर एक सबंध प्रकरण होतं. आणि सर्वांत महत्त्वाचा विषय, ताप मोजणं.

"जनावराचा ताप कुठे मोजतात?" एकदा सरांनी विचारलं.

"शेपटीखाली, सर!" वसंताने ताडकन सांगितलं. वसंता म्हणजे वर्गातला पहिला नंबर. सांबर होता. शिंगं एवढी मोठी, की अभ्यास त्यांच्यातच साठवतो असं बाकीचे म्हणायचे.

"शाब्बास! तापमापी तिथे सरकवायची आणि शांतपणे धरून ठेवायची. रोगी हलला तर?"

"त्याच्याशी गोड बोलायचं, सर!"

"शाब्बास!" सर म्हणाले, आणि झोपले.

या सगळ्याच्या सरावासाठी पेंढ्याचा एक रोगी केलेला होता. चार पाय, शेपूट, पोटात गच्च पेंढा. त्याला इंजेक्शन द्यायचं, त्याची मलमपट्टी करायची. पण विद्यार्थी कोण? सगळे चरणारे. तास लांबला की हळूच एखादा रोग्याचा कान खायचा. दुसरा शेपूट खायचा. पट्टी बांधायला म्हणून सशांनी मांडी मोकळी केली आणि मांडीच संपवली. अर्धं सत्र उलटायच्या आत वर्गाने अख्खा रोगी फस्त केला. सरांनी जाग आल्यावर पाहिलं आणि "रोगी दगावला" असं जाहीर केलं. नवा पेंढा आला नाही. पुढचं सगळं प्रात्यक्षिक तोंडी झालं.

इकडे विद्यालय जोरात आणि तिकडे महाराज उपाशी. जिकडे बघावं तिकडे हिरवा पट्टा! महाराज दबा धरून बसायचे, झेप घेणार, तेवढ्यात चितळ मान वर करून पट्टा दाखवायचं आणि वर विचारायचं, "महाराज, तब्येत कशी आहे?" महाराजांच्या बरगड्या दिसायला लागल्या. महाराज जेवत नाहीत म्हटल्यावर उष्टं कुठून येणार? चघळे सरांनाही उपास घडायला लागले. निवांत माणसाची झोप उडाली, मुलांनो. म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं बघा.

सर महाराजांकडे गेले.

"महाराज, फर्मान मोडू नका. राजाने शब्द मोडला तर शोभत नाही. पण आपली परीक्षा अजून झालेली नाही."

"माझी परीक्षा?" महाराज गुरगुरले.

"विद्यार्थ्यांची, महाराज! प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचा परीक्षक लागतो. आपण व्हा. पास होईल त्याचा पट्टा कायम."

"आणि नापास होईल त्याचा?"

सर नुसते हसले. तरसाचं हसणं तुम्हाला ठाऊक आहेच. महाराजही हसले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

परीक्षा महाराजांच्या गुहेत ठरली. एकेकाने आत जायचं आणि महाराजांचा ताप मोजायचा. गुहेच्या तोंडाशी चघळे सर पर्यवेक्षक म्हणून दगडावर बसले. बाहेर सगळा वर्ग रांगेने उभा. शेवंती पुस्तकातली पानंच्या पानं पुटपुटत होती आणि मधूनच भुंकत होती.

पहिला गेला वसंता. पहिला नंबर, मान ताठ.

आतून महाराजांचा आवाज आला, "ताप कुठे मोजशील?"

"शेपटीखाली, महाराज!"

"काय? राजाच्या शेपटीखाली? हा राजद्रोह आहे! नापास!"

मग एक आवाज आला. तो कसला होता ते मी सांगत नाही. तुम्ही जेवून आला आहात.

मागोमाग एका चितळाचा नंबर होता. चितळ हुशार होतं, त्याने ऐकून धडा घेतला.

"ताप कुठे मोजशील?"

"तोंडात, महाराज! आदराने, तोंडात!"

"उत्तम. हे घे तोंड उघडलं. नीट आत वाक. अजून थोडं."

चितळही परत आलं नाही. तिसऱ्याने काखेत म्हणून सांगितलं, तर अभ्यासक्रमाबाहेरचं उत्तर म्हणून तो गेला. चौथा नुसताच "महाराजांना ताप येणं शक्यच नाही" म्हणाला. त्याला महाराजांनी भाषेचे गुण दिले आणि खाल्लं.

रांग पुढे सरकत होती. पळून जावं तर पळणारा गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे नापास. शेवंतीला रडू फुटत होतं. तिला भाऊ आठवले. निदान ते पाणी प्यायला गेले होते, आपण तर शिकायला गेलो, या विचाराने तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तेवढ्यात चघळे सरांनी एक डोळा उघडून "पुढचा" म्हटलं आणि डोळा मिटला. पुढची तीच होती.

शेवंती आत गेली. बघते तो काय, महाराज पाठीवर पडलेले, चारही पाय वर, पोट नगाऱ्यासारखं.

"ताप..." महाराज कण्हत म्हणाले, "ताप कुठे... आई गं!"

शेवंती घाबरून भुंकली. मग तिला वर्षभर घोकलेलं ते विचारपुशीचं प्रकरण आठवलं. दुसरं काहीच आठवत नव्हतं, म्हणून तिने तेच सुरू केलं.

"महाराज, दुखतंय का कुठे?"

"प्रश्न मी विचारणार! परीक्षक मी आहे." महाराज कुशीवर वळले. "होय गं, दुखतंय. पोटात कळा येतायत."

"काय खाण्यात आलं होतं?"

"विद्यार्थी."

"भूक लागली होती म्हणून?"

"आधी भूक होती म्हणून. मग समोर येतच राहिले म्हणून."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? कित्येक दिवसांच्या उपासानंतर कुणी असा आडवा हात मारला तर पोट दुखणारच. एक दिवस लंघन केलं की खडखडीत बरं. शेवंतीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्या लगेच ध्यानात आलं, की लंघनाने महाराज उद्या बरे होतील आणि परवा त्यांना कडकडून भूक लागेल. बाहेर अजून रांग होती. रांगेच्या तोंडाशी ती स्वतः होती.

खरं निदान तोंडात ठेवून तिने गिळून टाकलं. मुलांनो, अशा वेळी खरं बोलायचं असतं असं तुमच्या पुस्तकात असेल. तुमच्या पुस्तकात वाघाचं फक्त चित्र असतं.

"महाराज," ती म्हणाली, "हे भीतीचं दुखणं आहे. भेदरलेल्या जनावराचं मांस बाधतं. पोटात गेलं की त्याचा गोळा होतो."

"मला शिकवतेस होय गं? आजवर मी खाल्लेले सगळेच भ्यालेले होते!"

"ते घटकाभर भ्यायचे, महाराज. आपण झेप घेतली की त्यांची भीती संपली. हे विद्यार्थी वर्षभर भीत होते. परीक्षेची भीती हाडापर्यंत मुरते."

महाराज विचारात पडले. त्यांनी ढेकर द्यायचा प्रयत्न केला, पण तो आला नाही.

"खरंच की," ते म्हणाले. "त्या सांबराला जरा आंबूस वास होताच. मग मी खायचं तरी काय?"

"निर्धास्त असेल ते. ज्याला कशाची म्हणजे कशाची काळजी नाही, असं. ते पचायला हलकं, आणि आधीच्यावर उतारा म्हणूनही चालतं."

"पण या जंगलात निर्धास्त आहे कोण?"

शेवंतीने कुणाचंही नाव घेतलं नाही. गुहेत शांतता पसरली, आणि त्या शांततेत बाहेरून घोरणं ऐकू आलं. लांबलचक, संथ, कायम नोकरीतलं घोरणं.

महाराजांचे कान टवकारले. ते पोट सावरत उठले आणि बाहेर गेले.

शेवंतीला वाईट वाटलं का? वाटलं. सर काही झालं तरी सर होते. पण ते वाटणं थोडाच वेळ टिकलं.

महाराज मिशा चाटत परत आले. पोट दुखायचं थांबलं होतं की शास्त्रोक्त औषध घेतल्याचं समाधान होतं, देव जाणे. पण चेहरा खुलला होता.

"पोरी, तू वैद्यराजांच्या वरताण आहेस! तू पास. नुसती पास नव्हे, चघळ्यांची जागा रिकामी झाली आहे. आजपासून तू प्राचार्य. कायम! आता तुला जन्मभर कशाचीही भीती नको, काळजी नको." असं म्हणून महाराजांनी तिच्याकडे फार मायेने बघितलं. जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या लाडवाकडे आपण बघतो ना, तसं.

शेवंती जोरात भुंकली आणि म्हणाली, "पण महाराज, मी पास कशी? मी आपला ताप कुठे मोजला?"

"मग मोज की आता. बोल, कुठे मोजतेस?"

"पुढच्या सत्रात मोजीन, महाराज. माझी पुरती तयारी नाही. एवढ्या विषयात मला एटीकेटी द्या. फार भीती वाटते हो या विषयाची. झोप लागत नाही, घास उतरत नाही."

"इतकी?" महाराज नाक मुरडून मागे सरले. "बरं बरं. पुढच्या सत्रात. तोवर प्राचार्यांची जागा रिकामीच. जा, लांबून जा."

शेवंती बाहेर आली आणि तिने रांगेला सगळं सांगितलं. त्या दिवशी सगळ्या वर्गाने ताप मोजण्याच्या विषयात एटीकेटी घेतली.

ती अजून सुटलेली नाही. त्या विद्यालयातून आजवर कुणी पास झालं नाही आणि कुणी नापासही झालं नाही. शेवंतीला आता नातवंडं आहेत, तीही तिच्याच वर्गात बसतात. प्राचार्यांच्या कायम जागेची जाहिरात दर सत्राला निघते. महाराज ती स्वतः लावतात. एकही अर्ज येत नाही. तासिका तत्त्वावर मात्र वाटेल तितके शिक्षक मिळतात, कारण पुढच्या महिन्यात आपण असू की नसू या काळजीने ते कायम कडू असतात.

मग महाराज जगतात कशावर, असं विचारताय? अधूनमधून एखादा तरणाबांड रानडुक्कर पट्टा फेकून देतो, छाती काढून पाणवठ्यावर येतो आणि म्हणतो, "आपण कुणाच्या बापाला भीत नाही." महाराज झुडपाआडून त्याला अगदी मनापासून दाद देतात.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी तुम्हाला बरेच थोर लोक भेटतील आणि पाठीवर हात ठेवून सांगतील, की निर्भय व्हा, निर्धास्त राहा. त्यांना वाकून नमस्कार करा, आणि आधी विचारून घ्या, की आपलं जेवण झालंय का?