बागेवर कायमचं पाणी

पाणीकाका आंघोळीला गेले आणि अंगाला साबण लावून झाला, की इमारतीची लिफ्ट बंद पडायची. हे इतक्या नेमाने चाललं होतं की काकूंनी लिफ्टवाल्या मेकॅनिकचा नंबर बाथरूमच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवून ठेवला होता.

पाणीकाका हे सोसायटीचे सेक्रेटरी. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात काढली, म्हणून हे नाव पडलं. सेक्रेटरीपद मात्र त्यांनी मागून घेतलं नव्हतं. रिटायर झाल्यावर हौसेने पहिल्याच सभेला गेले. सभा चालू असताना बाहेरचा नळ ठिबकताना दिसला, तो बंद करायला उठले आणि परत येऊन बसतात तो टाळ्या चालू होत्या. काकांनीही वाजवल्या. कुणासाठी वाजवतोय ते त्यांना नंतर कळलं.

तेव्हापासून टाकी भरली नाही की काका, भरून वाहिली तरी काका. कुणाच्या बाल्कनीत कबुतराने घरटं केलं तरी काका. राजीनामा त्यांनी वर्षाला एक या हिशेबाने दिला होता. पण राजीनामा मंजूर व्हायला निम्म्याहून जास्त सभासद सभेला हजर हवेत, असा नियम कुणा दूरदृष्टीच्या माणसाने करून ठेवला होता. सभेला यायचे तिघे. काका स्वतः, अध्यक्ष असलेले दातांचे डॉक्टर आणि तळमजल्यावरच्या एक आजी. आजींना कामकाजात रस नव्हता, ऑफिसातला पंखा त्यांच्या घरातल्या पंख्यापेक्षा चांगला होता. कोरमअभावी सभा तहकूब व्हायची आणि काका पुढच्या वर्षासाठी कायम.

"नात पालथी पडली तेव्हा तुम्ही गच्चीवरच्या टाकीत उतरला होतात," काकू एकदा शांतपणे म्हणाल्या. काकू शांतपणे बोलल्या की काकांना धडकी भरायची. "ती रांगायला लागली तेव्हा पंप जळला होता. आता धरून उभी राहायला लागलीय. तिच्या लग्नात तरी सुट्टी मिळेल ना तुम्हाला?"

"अगं, या सभेत सुटतोच बघ."

"रविवारी सभा ना? सोमवारची तिकिटं काढतेय लेकीकडची. दोन काढतेय. एक रद्द करायला लावलंत तर मी परत येईन याची खात्री धरू नका."

नातीला त्यांनी अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर ती त्यांच्याकडे बघून हसायची आणि नेमका तेव्हाच दुसरा फोन यायचा. पण जाण्याआधी त्यांना एक काम मार्गी लावायचं होतं, ते म्हणजे मागच्या बागेचं. बाग म्हणायची पद्धत होती म्हणून बाग. वाळकी हिरवळ, एक झोपाळा आणि जगावं की नाही या विचारात पडलेली काही झुडपं. माळी लांबून बादल्या आणून घालायचा, त्याही मनात आल्या तर. काकांनी डोकं लढवून टाकीचं वाहून जाणारं पाणी पाइपाने थेट बागेपर्यंत आणलं, व्हॉल्व्ह बसवला आणि समाधानाने नोटीस लिहायला बसले. ऑफिसच्या भाषेत लिहायची त्यांना आयुष्यभराची सवय होती.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सोमवारपासून बागेवर कायमचे पाणी सोडण्यात येत आहे. अनेक वर्षे रेंगाळलेला हा प्रश्न यायोगे निकालात निघेल. लहान मुलांना तेथे पाठवू नये. झोपाळा काढून ठेवण्यात आला आहे. याबाबत कोणतीही हरकत ऐकून घेतली जाणार नाही.'

नोटीस त्यांनी फळ्यावर लावली, ग्रुपवर टाकली आणि दोनदा वाचून स्वतःवरच खूश झाले. खात्यात असताना 'पाणी सोडण्यात येईल' एवढे शब्द वाचून अख्खी वस्ती हंडे-बादल्या घेऊन त्यांना दुवा द्यायची. इथेही तसंच काहीतरी होईल अशी त्यांची अपेक्षा होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई.

"काका, बागेवर पाणी सोडताय म्हणे?"

"हो तर!" काकांचा चेहरा फुलला. "पहिल्या दिवसापासून मनात होतं माझ्या."

"पहिल्या दिवसापासून?" वकीलबाईंनी चष्मा वर केला. "आणि कुणाला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? प्लंबरला बोलावलं आणि करून टाकलं."

"प्लंबरने ठरवलं हे?"

"मग काय माळ्याने ठरवायचं? त्याला नुसतं सांगितलं तर नाचायलाच लागला. म्हणाला, सुटलो एकदाचा."

"आणि अध्यक्ष?"

"त्यांना दवाखान्यात जाऊन सांगितलं. एकाची दाढ ओढत होते. म्हणाले, सोडा हो, सोडा."

"आमच्या पोरांनी खेळायचं कुठे?"

"खेळू देत की थोडे दिवस पार्किंगमध्ये. मग बघा त्या जागेचं काय करून दाखवतो! ओळखणार नाही तुम्ही."

वकीलबाई वळल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेल्या. एवढ्या तातडीने जिना चढणारी व्यक्ती त्या इमारतीत बऱ्याच दिवसांत कुणी पाहिली नव्हती.

रात्रीच्या जेवणापर्यंत बाग गेली होती. ती जाऊन तिथे पार्किंग होणार हे आधी ठरलं, मग पार्किंगचा मोबाइलचा टॉवर झाला. कुणीतरी झोपाळा स्टोअररूममध्ये पाहून आलं आणि तो परस्पर विकल्याची बातमी पक्की झाली. ज्यांनी बागेत कधी पाऊल टाकलं नव्हतं त्यांना तिथल्या हिरव्यागार आठवणी यायला लागल्या. एकाने ग्रुपवर बागेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचं बालपण'. तो गेल्याच वर्षी भाड्याने राहायला आला होता.

काका ताटावर बसले असताना काकूंनी ग्रुप उघडला. वाचता वाचता त्यांचा घास तसाच राहिला आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"अहो, काय लिहिलंत हे? बागेवर पाणी सोडलं म्हणजे बागेची आशा सोडली! नाद सोडला! लोक पेटलेत की तुमच्यावर."

काकांनी नोटीस पुन्हा वाचली. अर्थ डोक्यात उतरला तसा त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आपण 'कायमचे'सुद्धा घातलंय हे बघून तर त्यांनी डोळेच मिटले.

"अरे देवा! खुलासा टाकतो लगेच."

त्यांनी घाईघाईने खुलासा लिहिला. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तेवढ्यात ग्रुपवर वकीलबाईंचा नवा मेसेज आला. 'रविवारच्या सभेला प्रत्येकाने यायचंच. जो येणार नाही त्याने नंतर तक्रार करू नये.' त्याखाली भराभर उत्तरं यायला लागली. येतो. आम्ही दोघंही येतो. सासऱ्यांना घेऊन येतो.

काकांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांच्या डोक्यात एकच विचार एकाच वेळी येण्याचे प्रसंग फार आले नव्हते.

"कोरम," काका पुटपुटले.

काकूंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खुलासा पुसून टाकला. "रविवारपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. बाजार करायला मी जाईन, तुम्ही घरात बसा."

रविवारी सभासद ऑफिसात मावेनात म्हणून सभा बागेतच घ्यायचं ठरलं. वाळक्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या. पंखा नसल्यामुळे तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या आल्या नाहीत, बाकी सगळी इमारत लोटली होती. काकांनी हजेरी घेतली. कोरम पुरा होऊन वर माणसं उरली होती. त्यांना एवढं भरून आलं की शिव्या खायला आलोय हेच ते विसरले.

"आधी बागेचं बोला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बोलतो ना," काका उठले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या माळ्याकडे वळले. "सोड रे!"

माळ्याने व्हॉल्व्ह फिरवला. पाइपाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी फसफसत हिरवळीवर धावलं. पुढच्या रांगेने पाय वर घेतले. नव्या चपला घालून आलेल्या एकीने किंकाळी फोडली. पाणी खुर्च्यांखालून शांतपणे पुढे सरकत गेलं.

"हे बघा, बागेवर पाणी सोडलं," काका म्हणाले. "टाकीचं वाया जाणारं पाणी. कायमचं. झुडपं जगावीत म्हणून. झोपाळा रंगवायला काढलाय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अध्यक्ष डॉक्टर हसायला लागले आणि बघता बघता हसण्याची लाट मागच्या रांगेपर्यंत गेली. टाळ्या सुरू झाल्या. वकीलबाई मात्र पायाजवळची पर्स उचलून उभ्या राहिल्या.

"कौतुक आहेच. पण असा घोळ पुन्हा नको. मी ठराव मांडते. या सोसायटीच्या कामकाजात 'पाणी सोडणे' याचा अर्थ 'जगवण्यासाठी पाणी देणे' एवढाच घेतला जाईल. दुसरा अर्थ आजपासून रद्द."

"माझं अनुमोदन!" काका जोरात म्हणाले. सगळे हात वर झाले.

खिशात राजीनाम्याचा कागद होता. चांगला साधा, सरळ, 'मी राजीनामा देत आहे' असा. तो वाचला असता तर पुढचं सगळंच टळलं असतं. पण इतकी वर्षं फक्त तक्रारी ऐकलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या की त्याचं असं होतं. आणखी एकदा हसवण्याचा मोह काकांना आवरला नाही. कागद खिशातच ठेवून त्यांनी घसा साफ केला.

"तर मंडळी, कोरम आहेच. जाता जाता मीसुद्धा या सेक्रेटरीपदावर आज कायमचं पाणी सोडतो!"

सगळे हसले. डॉक्टर तर सगळ्यात जास्त. मग त्यांचं हसू थांबलं, आणि त्यांनी हळूच वकीलबाईंकडे बघितलं. काका गेले तर टाकी, लिफ्ट आणि कबुतरं कुणाच्या गळ्यात पडणार हे डॉक्टरांना चांगलंच ठाऊक होतं.

"बाई, आत्ताच्या ठरावाप्रमाणे याचा अर्थ काय होतो?"

"सेक्रेटरीपद जगवणार," वकीलबाई म्हणाल्या. "कायमचं."

"अहो, जुन्या अर्थाने म्हटलं मी!"

"जुना अर्थ रद्द झाला, काका. तुमच्याच अनुमोदनाने."

"एकमताने मंजूर!" डॉक्टरांनी जाहीर केलं. काकांनी कागद काढेपर्यंत सभासद चपला हातात घेऊन जिन्याकडे निघाले होते. दोन मिनिटांत कोरम गेला. चिखलात रिकाम्या खुर्च्या, काका आणि माळी उरले.

"झाडं उद्यापर्यंत ताजी होतात बघा," माळी म्हणाला. काकांनी मान हलवली.

घरी काकू बॅग भरत होत्या. काकांच्या ओल्या पॅंटकडे त्यांनी नजर टाकली.

"मंजूर झालं?"

"एकमताने."

"मग चेहरा असा का?"

काकांनी सगळं सांगितलं. आपली चूकही गाळली नाही. काकू हसतील नाहीतर चिडतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्या नुसत्या बॅगेपाशी बसून राहिल्या. हातात काकांचा एक शर्ट होता. तो आत ठेवावा की बाहेर, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"ती उभी राहते हो आता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोफ्याला धरून. परवा हात सोडला होता म्हणे."

तेवढ्यात फोन वाजला आणि सवयीने काकांचा हात पुढे गेला. काकूंनी तो उचलून बाजूला ठेवला आणि फोन स्वतः घेतला.

"हॅलो? डॉक्टर का? लिफ्ट बंद पडली? आणि तुम्ही आतच आहात?" काकूंनी फोन खांद्याने धरला आणि शर्टाची घडी घातली. "नाही, ते नाही येणार. उद्या नातीकडे निघालोत आम्ही. सेक्रेटरी आहेत ना, नाही कोण म्हणतंय? कायमचे आहेत. पण आजपासून त्यांनी लिफ्टवर पाणी सोडलंय."

पलीकडून डॉक्टरांचा घाबराघुबरा आवाज काकांनाही ऐकू आला. लिफ्टवर पाणी? शॉक बसेल हो!

काकूंनी शर्ट बॅगेत ठेवला आणि वरून दाबला.

"घाबरू नका, डॉक्टर. आमच्या घरात अजून जुनाच अर्थ चालतो. नंबर देते मेकॅनिकचा, घ्या लिहून. बाथरूमच्या दारावर आहे, जरा थांबा."