क्लायंटची खुर्ची

आमच्या शेजारच्या कदमांच्या घरात तुम्ही कुठेही बसू शकता. पलंगावर, स्टुलावर, अगदी वॉशिंग मशीनवरसुद्धा. फक्त खिडकीजवळच्या हातांच्या खुर्चीवर नाही. मी एकदा सवयीने टेकलो, तर माझ्या हातातला चहा काढून घेत ते म्हणाले, "उठा भाऊ. ती क्लायंटची आहे."

क्लायंट अजून एकही आलेला नव्हता.

कदम तुर्भ्याला एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला होते. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, कदम कामोठ्यातच राहिले. मग अर्ज सुरू झाले. आलेला प्रत्येक नकार ते मला जिन्यात गाठून वाचून दाखवायचे. कुणाला त्यांचा अनुभव जास्त वाटे, कुणाला वय. अकराव्या नकाराला मी कंटाळून म्हणालो, "अहो, नोकरी कशाला मागता? सल्ला द्या." मी आयुष्यात दिलेला आणि कुणीतरी ऐकलेला हा एकमेव सल्ला. आठवड्यात दारावर पाटी आली : 'कन्सल्टंट'.

कशाचे, ते पाटीवर मावलं नाही.

नुसतं 'कन्सल्टंट' लिहिलं की आमच्याकडे माणसं डॉक्टरच समजतात. वरच्या, चौथ्या मजल्यावरच्या भोईरआजी एक्स-रेची पिशवी घेऊन आल्या आणि सरळ क्लायंटच्या खुर्चीत बसल्या. वहिनी खरं काय ते सांगायला पुढे झाल्या. कदमांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"आधी प्रोसेस सांगा," ते म्हणाले. "लोड घेताना त्रास होतो, की सोडताना?"

आजी बघतच राहिल्या.

"म्हणजे चढताना, की उतरताना?"

"उतरताना जास्त हाय, बाबा. महिना झाला, खाली नाय गेली."

मग अर्धा तास आजींनी गुडघ्याबद्दल आणि सुनेबद्दल सांगितलं. कदमांनी दोन्ही वहीत उतरवून घेतलं. शेवटी म्हणाले, "एक्स-रे खऱ्या डॉक्टरला दाखवा. मी मशीनचा माणूस. जिन्याचं मात्र मी बघतो."

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर होती.

त्यातच एका वर्कशॉपवाल्याचा फोन आला, रविवारी पाचला येतो म्हणून. पहिलाच खरा क्लायंट. वहिनींनी पडदे धुतले. मी म्हटलं, "खुर्ची वर आणू या."

"नको. पाचला आजी उतरतात."

"मग तो कुठे बसणार?"

"स्टूल आहे की."

रविवारी कदम इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. पाच वाजले, साडेपाच झाले. फोन केला तर तो उचलेना. मग ते वही घेऊन जिना उतरले, मी मागोमाग. आजी खुर्चीत बसून वाट बघत होत्या. कदम पायरीवर बसले.

"आज कितव्या पायरीला थांबलात?"

"नाय थांबली," आजी म्हणाल्या. "सरल इथपरत आली."

कदमांनी ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. आजी कठडा धरून हळूहळू खाली गेल्या. बाकावर त्यांच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मी रिकाम्या खुर्चीत टेकलो.

"उठा भाऊ," कदम वहीतून मान वर न करता म्हणाले. "ती क्लायंटची आहे."