कालव्याच्या तळाशी दुपारचं जेवण

"...आणि म्हणे कायमचीच चाललीय, त्या उंच डच माणसाबरोबर, सायकलवर. घराचं तर तिनं केव्हाच..."

एवढं बोलून मादाम पेरो थांबली, कारण तिला मी दिसलो. मग ती पाववालीकडे वळून म्हणाली, "एक लांब पाव, जरा खरपूस बघून," आणि पाव काखेत मारून चालती झाली.

आता असं अर्धं बोलून कुणी जातं का? पावाची गाडी सकाळी नऊला चर्चपुढे येऊन भोंगा वाजवते. मी एरवी पाच मिनिटं आधीच तिथं उभा असतो, त्यामुळे अर्धी बातमी माझ्या वाट्याला कधी येत नाही. (बऱ्याच बातम्या तर माझ्यापासूनच निघतात.) पण त्या दिवशी चपलेचा एक पाय सापडेना आणि घात झाला.

चाललीय ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात उंच डच माणूस एकाच घरी येतो, ओदीलकडे. ओदील आमची शेजारीण. बावीस वर्षांची. म्हणजे शेजाराला बावीस झाली, ओदीलला चौसष्ट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. हा वाउटर दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या रस्त्यानं सायकलवरून जाताना पाणी मागायला तिच्या दारात थांबला, आणि तेव्हापासून त्याला वरचेवर तहान लागते.

मला वाउटरचं काही नाही. पण घराचं केव्हाच काय? आमच्या गल्लीत अकरा घरं. त्यातली सात पॅरिसवाल्यांनी घेतलीत. ते ऑगस्टमध्ये येतात, तक्रार करतात, खिडक्यांच्या फळ्या लावतात आणि जातात. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला अंधार पडला की आमच्या स्वयंपाकघरातून समोर एकच उजेड दिसतो, तो ओदीलच्या स्वयंपाकघराचा. ती सूप ढवळत असते, मी बटाटे सोलत असतो, आणि अधूनमधून आम्ही एकमेकांना हात करतो. (जास्त करून मीच करतो.) तो उजेड गेला तर मी बटाटे कुणाकडे बघून सोलायचे?

घरी येऊन जोसियानला, म्हणजे बायकोला, सांगितलं.

"ओदील घर विकतेय."

"कोण म्हणालं?"

"मादाम पेरो. म्हणजे, म्हणणार होती."

"मग ती म्हणेल तेव्हा सांग," असं बोलून जोसियान मटार सोलत राहिली. एवढी मोठी बातमी ऐकून ही बाई मटार सोलते, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तेवढ्यात खिडकीतून ओदील दिसली. सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या लावून कालव्याकडे निघाली होती. मी ठरवलं, नुसतं वळणापर्यंत जाऊन बघायचं. तेवढंच. माझी सायकल पंक्चर होती म्हणून जोसियानची घेतली. ती निळी आहे, तिला पुढे वेताची टोपली आहे आणि तिची घंटी सैल आहे. खडा लागला की आपोआप वाजते.

मी गावच्या पंचायतीत रस्ते झाडायचं, गवत कापायचं काम करतो. कालव्याकाठच्या रस्त्याचं गवतही मी वर्षातून चारदा कापतो, पण त्या रस्त्यासारखी पाठलागाला वाईट जागा दुसरी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मोटारींना बंदी, त्यामुळे आवाज नाही. रस्ता ताणलेल्या दोरीसारखा सरळ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पॉप्लरची झाडं, आणि पॉप्लर केवढा जाड असतो? माझ्या निम्मा. (जोसियान म्हणते, तिसरा हिस्सा.) ओदील दोनशे मीटर पुढे, मी मागे, आणि मध्ये फक्त ट्रिंग.

त्यात आमच्याकडे रीत अशी की कालव्यावर जो भेटेल त्याला बोंजूर म्हणायचं. न म्हणणारा माणूस चोर तरी असतो नाहीतर पॅरिसचा. समोरून परदेशी सायकलस्वारांची एक पलटण आली, बत्तीस जण. बत्तीस जणांनी एकेक करून बोंजूर घातला आणि मला बत्तीस परत द्यावे लागले. ते गेले तर पुढे काठावर स्टूल टाकून बसलेला आमच्याच गावचा मासे धरणारा गास्पार.

"काय एदगार, बायकोची सायकल?"

"हळू बोल."

"का? बायकोला माहीत नाही?" तो आणखी मोठ्यानं म्हणाला.

ओदीलनं मान वळवली नाही. तशी तिची श्रवणशक्ती कमी आहे, पण फक्त मी हाक मारली की.

बाराला दहा कमी असताना ती लॉकपाशी उतरली. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी. दोन दारांमध्ये दगडी पेटी, त्यात नाव घ्यायची, पाणी सोडायचं, नाव खाली जाते, पुढचं दार उघडायचं. हे सगळं करणारा लॉकवाला फिलिबेर तिथंच राहतो. बाकावर वाउटर वाट बघत होता. दोघं उठून नेमकी माझ्याच दिशेनं यायला लागली. एकीकडे फिलिबेरच्या घराची भिंत, दुसरीकडे लॉकमध्ये काठोकाठ भरल्या पाण्यावर एक भाड्याची नाव. मी सायकल खुंटाला टेकवली, टोपी गळून काठावर पडली, आणि मी नावेत पाय टाकला.

नावेत एक स्विस नवरा-बायको होते, वयस्कर आणि सभ्य.

"मी पंचायतीचा माणूस," मी खाली वाकून म्हणालो. "दोर तपासायला आलोय."

"दोर वर आहेत," नवरा म्हणाला.

"मी खालून तपासतो."

एवढ्यात फिलिबेरनं पाणी सोडलं आणि आम्ही खाली जायला लागलो. भिंती वर चढत गेल्या, शेवाळं आलं, गारवा आला. तीन मीटर खाली टेकतोय तोच चर्चमध्ये बाराचे टोल पडले. फिलिबेरनं आयुष्यात कधी बारा वाजून एक मिनिटाला काम केलेलं नाही. त्यानं हात पुसले आणि दार न उघडता जेवायला गेला. एक वाजेपर्यंत आमची सुटका नव्हती.

भिंतीला लोखंडी शिडी होती, पण ती थेट बाकासमोर निघत होती आणि आता बाकावर ती दोघं परत येऊन बसली होती. स्विस बाईनं माझ्या गळ्याला रुमाल बांधला आणि पुढे ताट ठेवलं. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, थंड पांढरी वाइन. संकटात असूनही सांगतो, सॅलड उत्तम होतं.

वरून आवाज आले.

"घराचं ठरलं?" वाउटर विचारत होता.

"ठरलं. किल्लीही देऊन झाली."

"आणि शेजारचे?"

"एदगारला एवढ्यात कळता कामा नये."

सॉसेजचा तुकडा माझ्या तोंडात तसाच राहिला. बावीस वर्षं. मला कळता कामा नये. मी ताट बाजूला सारलं. (नंतर परत ओढलं, पण मन नव्हतं.)

मग वर बाक करकरला.

"ही जोसियानची सायकल," ओदील म्हणाली.

पावलं काठापर्यंत आली. "आणि ही टोपी एदगारची आहे."

"तो इथं कुठून?"

"एदगार," तिनं हाक मारली. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी तिचा आवाज चिरला. बावीस वर्षांत तिनं माझं नाव असं कधी घेतलं नव्हतं. वाउटर बूट काढायला लागल्याचं ऐकू आलं, तेव्हा मात्र मला राहवेना.

"मी इथंच आहे," मी म्हणालो.

दोन डोकी काठावरून खाली वाकली. मी गळ्यात रुमाल, हातात काटा घेऊन वर बघत होतो.

"पंचायतीचे साहेब दोर तपासतायत," स्विस बाईनं खुलासा केला.

गडबड ऐकून फिलिबेरनं घराची खिडकी उघडली. "कोण बुडालंय?"

"कुणी नाही," वाउटर म्हणाला. "एदगार जेवतोय."

"मग मीही जेवतो," म्हणून फिलिबेरनं खिडकी लावून घेतली.

मला आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तळातूनच विचारलं, "ओदील, घर कितीला विकलंस?"

"कोण विकतंय?"

"किल्ली दिलीस ना?"

"जोसियानला दिली. गेल्या मंगळवारी. कोंबड्यांना दाणा घालायला."

"जोसियानला माहीत आहे?"

"तिनंच सांगितलं की तुला शेवटी सांग. म्हणजे मी निघून गेल्यावरच गावभर होईल."

मग काय ते कळलं. चालली होती हे खरं, वाउटरबरोबर हेही खरं, सायकलवर हेही. पण कायमची नाही. नदीकाठानं समुद्रापर्यंत आणि परत, एकवीस दिवस. आणि घराचं ठरलं होतं ते असं, की ऑक्टोबरात वाउटर आपलं तिकडचं सामान गुंडाळून इथं राहायला येणार. म्हणजे समोरचा उजेड जाणार नव्हता, उलट त्या उजेडात आता दोन माणसं दिसणार होती. मी इतका खूश झालो की स्विस नवऱ्याच्या ग्लासातली वाइनही पिऊन टाकली.

"वाउटरची फक्त एक अट आहे," ओदील म्हणाली.

वाउटर संकोचानं लाल झाला. "तुम्ही मला आवडता, मस्यू एदगार. पण ईस्टरला मी आलो होतो तेव्हा सकाळी मी दात घासत असताना तुम्ही रोज हात करायचात. मधे जरा झाडांचं कुंपण असलं तर बरं."

गावात कुंपणं लावायचं काम कुणाकडे असतं? माझ्याकडेच. ती दोघं निघून गेल्यावर मी एकट्यानं वीस मीटर चर खणला. मनातून नाराज नव्हतो. रोपवाल्याकडे जाऊन नीट चौकशी केली आणि सगळ्यात हळू वाढणारी जात निवडली, वर्षाला जेमतेम चार बोटं. हिशेब केला तर मी सत्तरीचा होईपर्यंत सगळं व्यवस्थित दिसणार होतं.

शुक्रवारी रोपं आली. गाडीतून उतरवली तर प्रत्येक झाड माझ्या डोक्याच्या टीचभर वर.

"चुकलंय काहीतरी," मी रोपवाल्याला म्हणालो.

"नाही, तुमच्या बायकोनं फोन करून ऑर्डर बदलली," तो कागद बघत म्हणाला. "मापही त्यांनीच दिलं. तुमची उंची, टाचा उचलून."