जमादाराने चाखलेली आसवं

खाडीकाठच्या लहान देवळात सायबिणीच्या डोळ्यांतून पाणी येतंय, ही बातमी रेजिनला कळली तेव्हा ती बोंबील साफ करत होती. हातातला बोंबील हातातच राहिला. मदर मेरीच्या त्या लाकडी मूर्तीच्या पोटात काय आहे, हे साऱ्या ठाणे गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मीठ होतं. चांगलं पाच शेर.

रेजिनच्या बापाने, इनासबाबाने, चाळीस वर्षं एकाच आगरात, एकाच वाफ्यात मीठ पिकवलं. तो गेल्याला आता महिना भरत आला होता. महिन्याच्या जेवणाला त्याच्याच वाफ्यातल्या मिठात खारवलेली मच्छी असावी, एवढंच तिच्या मनात होतं. पण नव्या कायद्याने सरकारी परवान्याशिवाय आगरातली चिमूटही बाहेर नेता येत नव्हती. तिने ते टोपलीत चिंबोऱ्यांखाली लपवून आणलं, आणि त्याच संध्याकाळी आगरावर सरकारी पहारा करणारा धोंडीबा जमादार घरं तपासतोय असा बोभाटा झाला. तिचा नवरा पास्कू त्याच आगरात कामाला. मीठ सापडलं असतं तर त्याचं काम गेलं असतं आणि वर तुरुंग.

देऊळ झाडायचं काम रेजिनकडेच होतं. मूर्ती पाठीमागून पोकळ होती. तिने फळी काढली, पार डोक्यापर्यंत मीठ ठासलं आणि फळी बसवली. सायबिणीची झडती कोण घेणार?

मे महिन्याच्या दमट वाऱ्याचा मात्र तिने विचार केला नव्हता. मिठाला पाणी सुटलं आणि ते काचेच्या सैल डोळ्यांच्या कडेने झरू लागलं.

तिसऱ्या दिवशी माजिवड्याहून बायका आल्या. त्यांतल्या हौसाबाईने नारळ काढला.

"अगो, आमच्यात नारळ फोडत नाय," म्हातारी कातरीनबाय म्हणाली.

"मंग नाय फोडत. नुसता ठेवते. आई ती आईच ना गो?"

कातरीनबायने आसवं गुडघ्याला चोळली होती. दोन वर्षं न वाकलेला गुडघा वाकला म्हणून ती दिवसातून वीसदा तो लोकांना वाकवून दाखवत होती.

फादर साल्वादोर मात्र छपरावर चढून कौलं तपासून आले. "छप्पर कोरडं आहे," ते म्हणाले. "रविवारी मिस्सा झाल्यावर सर्वांसमोर मूर्तीची पाठ उघडू. काय ते कळेल."

रविवारी मिस्सेच्या आधी रेजिन कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेली. जाळीपलीकडे फादर बसले होते. तिने सगळं सांगितलं.

जाळीमागून फादर म्हणाले, "काढून का नाही टाकलंस?"

"कंदी काढू, फादर? सायबीण एक घटका एकटी नसते."

"आणि हे आज मला सांगतेस?"

"पाप हाय ना, फादर. कुमसारात नाय सांगायचं तं कुठं सांगायचं?"

कुमसारात ऐकलेलं कुणालाही कळू द्यायचं नाही, नुसतं वागण्यातूनसुद्धा नाही, हा नियम फादर वीस वर्षं लोकांना समजावत आले होते. त्या दिवशी तो त्यांना स्वतःला नीट समजला.

मिस्सा संपली. पोपट सुतार पटाशी घेऊन मूर्तीमागे उभा राहिला. "फादर, उघडू काय?"

फादर हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"फादरांना घाम का सुटलाय?" कुणीतरी विचारलं.

इतक्यात गर्दी बाजूला सारत धोंडीबा जमादार पुढे आला. पास्कूने आदराने जागा करून दिली. त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. जमादाराने सायबिणीच्या गालावरचा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. कुठलं मीठ कुठल्या वाफ्यातलं, हे तो चवीवरून सांगत असे.

त्याने डोळे मिटले. उघडले ते थेट रेजिनकडे बघत.

"इनासबाबाला जाऊन म्हैना झाला का गं?" त्याने हळूच विचारलं.

"परवा होतोय."

जमादार थोडा वेळ पागोटं सारखं करत राहिला. मग खड्या आवाजात म्हणाला, "पोपट, पटाशी ठेव खाली. हे खारट हाये. पर मीठ न्हवं."

"कशावरून?" फादरांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"माझ्या पहाऱ्यातनं चार वर्सांत एक चिमूट भाईर गेलेली न्हाई. रोज तसं लिहून देतो, साहेब खाली सही करतो. मग मीठ हितं येणार कुठनं? आसवंच हायती."

लोकांनी पटापट गुडघे टेकले. कातरीनबाय सगळ्यांच्या आधी. फादर तेवढे उभे राहिले.

"बघा," ती म्हणाली, "तो हिंदू असून त्याला पटला, आनी आपले फादरच अजून उभे! चला, फादरांना विश्वास दे म्हनून आपन एक रोझरी म्हनू. रेजिन, तुझा आवाज मोठा हाय. तू सुरू कर."

रेजिनने फादरांकडे पाहिलं. फादरांनी छताकडे पाहिलं, सावकाश गुडघे टेकले आणि स्वतःच्या विश्वासासाठी चाललेल्या त्या प्रार्थनेत ते शेवटच्या आमेनपर्यंत सामील झाले.